कॅल्शियम जास्त, तरी पीटीएच ‘नॉर्मल’: पॅराथायरॉइडचा हा रिपोर्ट कसा वाचायचा?

गोदाकाठ

रिपोर्टमध्ये कॅल्शियम ११.३ (डेसिलिटरमागे मिलिग्रॅम), त्यापुढे ठळक ‘हाय’. दोन ओळी खाली पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइडचं संप्रेरक, ५६. लॅबची मर्यादा १५ ते ६५, म्हणून त्यापुढे काहीच खूण नाही. असा कागद हातात आला की घरचे म्हणतात, चला, पॅराथायरॉइड तरी ठीक आहे. कधीकधी डॉक्टरही घाईत तेच म्हणतात, कॅल्शियमच्या गोळ्या थांबवायला सांगतात आणि विषय संपतो. हा धागा त्या ५६ साठी काढला आहे. शेजारी ११.३ असताना ५६ हा आकडा नॉर्मल नाही. का नाही, ते समजायला ग्रंथी आणि कॅल्शियम यांचं नातं समजून घ्यावं लागतं. मी बरीच वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आणि हे नातं मला त्या विषयातलं सर्वांत देखणं वाटत आलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मानेत थायरॉइडच्या मागच्या अंगाला चार लहान ग्रंथी असतात, परावटू किंवा पॅराथायरॉइड. एकेकीचं वजन जेमतेम ३० ते ५० मिलिग्रॅम. मुख्य काम एकच: रक्तातलं मुक्त कॅल्शियम लिटरमागे साधारण १.१ ते १.३ मिलिमोल या अरुंद पट्ट्यात ठेवणं. रक्तातलं निम्म्याच्या आसपास कॅल्शियम अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांना चिकटलेलं असतं, ग्रंथीला ते दिसत नाही. तिला दिसतं ते मुक्त कॅल्शियम. ते किंचित घसरलं की ती पीटीएच सोडते. हे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम काढायला लावतं, किडनीला कॅल्शियम राखून फॉस्फेट टाकून द्यायला सांगतं आणि किडनीतच ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप तयार करवतं, म्हणजे आतड्यातून कॅल्शियम जास्त शोषलं जातं. कॅल्शियम जागेवर आलं की पीटीएच थांबतं. रक्तात त्याचं अर्धायुष्य दोन ते चार मिनिटं, त्यामुळे थांबवलं की परिणाम लगेच दिसतो.

ग्रंथीला हे ‘दिसतं’ कसं, याचं उत्तर १९९३ साली मिळालं. बॉस्टनमध्ये एडवर्ड ब्राऊन आणि स्टीव्हन हेबर्ट यांच्या गटाने गायीच्या पॅराथायरॉइडमधून कॅल्शियम ओळखणारा रिसेप्टर शोधून काढला. पेशीच्या पृष्ठभागावर बसलेलं हे प्रथिन बाहेरचं कॅल्शियम स्वतःवर धरतं आणि आत संदेश पाठवतं. शरीरातल्या बहुतेक स्रावी पेशींमध्ये आतलं कॅल्शियम वाढलं की स्राव बाहेर पडतो. पॅराथायरॉइडच्या पेशीत उलट होतं, आतलं कॅल्शियम वाढलं की दार बंद. असा उलटा वागणारा दुसरा ठळक नमुना म्हणजे किडनीतल्या रेनिन सोडणाऱ्या पेशी.

आडव्या अक्षावर कॅल्शियम आणि उभ्या अक्षावर पीटीएच घेतलं तर उलट्या एस आकाराची रेषा मिळते. डावीकडे कॅल्शियम कमी, पीटीएच कमाल. उजवीकडे कॅल्शियम जास्त, पीटीएच तळाशी. मधला उतार इतका तीव्र की मुक्त कॅल्शियममधला अगदी थोडा फरकसुद्धा पीटीएच कितीतरी पटींनी हलवतो. कमाल स्राव जिथे निम्म्यावर येतो त्या कॅल्शियमच्या पातळीला सेट पॉइंट म्हणतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल: उजवीकडे कितीही गेलं तरी रेषा शून्याला टेकत नाही. निरोगी पेशीही थोडासा स्राव करतच राहते.

आता गाठ झालेली ग्रंथी. प्राथमिक अतिस्रावात, म्हणजे बिघाड ग्रंथीतच असल्याने पीटीएच जास्त सुटतं तेव्हा, दहापैकी आठेक रुग्णांत एकाच ग्रंथीत अडेनोमा, म्हणजे साधी गाठ असते. उरलेल्यांत बहुतेक वेळा एकाहून जास्त ग्रंथी वाढलेल्या असतात. कर्करोग शंभरात एकापेक्षाही कमी. काढलेल्या अडेनोमाच्या पेशी सुट्या करून वेगवेगळ्या कॅल्शियममध्ये ठेवून पाहिल्या, तेव्हा दिसलं की त्या बहिऱ्या झालेल्या नाहीत. कॅल्शियम वाढवलं की त्याही स्राव कमी करतात, फक्त त्यासाठी नेहमीपेक्षा जास्त कॅल्शियम लागतं. सेट पॉइंट उजवीकडे सरकलेला असतो. गिझरचा काटा कुणीतरी वर नेऊन ठेवला तर गिझर बंद पडतोच, पण पाणी कढत झाल्यावर. तसं हे आहे.

म्हणूनच प्राथमिक अतिस्रावात बहुतेकांचं कॅल्शियम अनेक वर्षं ११ च्या आसपास स्थिर राहतं, रोज चढत जात नाही. ग्रंथीने नवी, चुकीची पातळी स्वीकारलेली असते आणि तीच ती इमानाने राखते. आणि म्हणूनच ११.३ ला ५६. निरोगी ग्रंथी त्या कॅल्शियमला २० च्या खाली गेली असती.

पारिजातक

ताई, हे वाचून मी आईची फाइल काढून बसले आहे. आई साताऱ्याला असते, वय ६२. मूतखड्याचा त्रास वारंवार, मागच्या वर्षी मनगट मोडलं. कॅल्शियम आधी ११.१, नंतर ११.४. पीटीएच ६१, मर्यादा ६५. ड जीवनसत्त्व १४. डॉक्टरांनी ड ची ६० हजार युनिटांची पाकिटं आठवड्याला एक अशी दिली आणि खड्यांसाठी पाणी भरपूर प्यायला सांगितलं. पीटीएच मर्यादेत आहे म्हणून ग्रंथीचा प्रश्न नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. आता काय करू?

गोदाकाठ

पारिजातक, मी रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान माझ्याकडून घेऊ नका. पण ही फाइल संप्रेरकतज्ज्ञाला दाखवाच, आणि लवकर. वाढलेलं कॅल्शियम, न दबलेलं पीटीएच, खडे आणि मोडलेलं मनगट, हे चारही एकत्र आहेत.

जाण्याआधी कॅल्शियम, अल्ब्युमिन, पीटीएच, फॉस्फरस, क्रिएटिनिन आणि मॅग्नेशियम एकाच वेळच्या रक्तातून करून घ्या. कॅल्शियम सोमवारचं आणि पीटीएच पुढच्या महिन्यातलं असं असेल तर जोडी जुळवता येत नाही. अल्ब्युमिन ४ पेक्षा कमी असेल तर प्रत्येक १ ग्रॅमच्या घटीमागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवून वाचायची पद्धत आहे. डॉक्टर चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियम आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीही सांगतील.

ड जीवनसत्त्व १४ आहे ते मला महत्त्वाचं वाटतं. ड कमी असलं की आतड्यातून कॅल्शियम कमी येतं, त्यामुळे रक्तातला आकडा आहे त्यापेक्षा सौम्य दिसू शकतो. ते भरून काढायला हवं, पण बेताने आणि मध्ये मध्ये कॅल्शियम तपासत. ६० हजारांची पाकिटं कुणाच्या देखरेखीशिवाय चालू ठेवू नका.

अपरांत

धागा चांगला आहे. मी कोकणात फिजिशियन म्हणून काम करतो. एक भर आणि एक मतभेद.

आधी भर. ड च्या अतिसेवनाने कॅल्शियम वाढलेले रुग्णही मी पाहतो. गुडघेदुखीसाठी कुणी ६ लाखांची इंजेक्शनं लागोपाठ घेतलेली, कुणी पाकिटं महिनोन्महिने रोज घेतलेली. कॅल्शियम १२, १३, उलट्या, बद्धकोष्ठता, गुंगी. त्यांचं पीटीएच येतं ५ किंवा ६. तिथे ग्रंथी आपलं काम चोख करत असते, तिने दार घट्ट लावलेलं असतं. कर्करोगामुळे वाढलेल्या कॅल्शियममध्येही सहसा हेच. त्यामुळे कॅल्शियम वाढलेला रुग्ण समोर आला की माझा पहिला प्रश्न ‘पीटीएच दबलं आहे का’ एवढाच असतो. त्या एका प्रश्नाने रस्ता दुभंगतो.

आता मतभेद. सेट पॉइंट सरकला एवढ्यावर सगळं उलगडत नाही. तुम्हीच लिहिलंत की निरोगी पेशीही कधी शून्यावर येत नाही. समजा ४० मिलिग्रॅमची ग्रंथी १ ग्रॅमची झाली. प्रत्येक पेशीचा सेट पॉइंट अगदी योग्य असला तरी न दबणारा तो किमान स्राव गुणिले पंचवीस होतो. निव्वळ आकारमानाने कॅल्शियम वर जाईल. मग दोष संवेदनेत की संख्येत?

गोदाकाठ

अपरांत, तुमचा मुद्दा पूर्ण मान्य, आणि तो मी मूळ लेखात अर्धाच सोडला होता हेही खरं. प्राथमिक अडेनोमात दोन्ही सापडतं. काढलेल्या गाठींमध्ये कॅल्शियम रिसेप्टरचं प्रमाण बहुतेक वेळा घटलेलं दिसतं, म्हणजे संवेदना बोथट. गंमत अशी की रिसेप्टरच्या जनुकात बिघाड मात्र या गाठींत क्वचितच सापडतो. उलट काही गाठींमध्ये सायक्लिन डी१ हे पेशीविभाजनाला रेटा देणारं प्रथिन जास्त बनताना सापडलं, काहींत पेशींची वाढ आवरणारं मेन-१ जनुक निकामी झालेलं. म्हणजे आधी पेशी वाढत सुटते आणि त्या ओघात संवेदनाही हरवते असं दिसतं. उंदरांत सायक्लिन डी१ मुद्दाम वाढवलं तेव्हा ग्रंथी वाढली आणि सेट पॉइंटही सरकला. माझं मत त्यामुळे असं झालं आहे की दोष वेगवेगळे मोजता येतात, पण रुग्णाच्या शरीरात ते वेगळे राहत नाहीत.

काळाचाही विचार करा. कॅल्शियम घसरल्यावर साठवलेलं पीटीएच काही सेकंदांत बाहेर येतं. काही तासांत त्याच्या संदेशवाहक आरएनएचं आयुष्य वाढतं आणि नवं संप्रेरक जास्त बनू लागतं. आणि कॅल्शियम दीर्घकाळ कमीच राहिलं तर पेशीच वाढायला लागतात. एकाच रिसेप्टरकडून येणाऱ्या बातमीवर हे तिन्ही चालतं. ती बातमी पोहोचेनाशी झाली की स्राव आणि वाढ, दोन्हींचा लगाम सुटतो.

मुळशीकर

माझा भाऊ डायलिसिसवर आहे. त्याचं पीटीएच ९४० आलं आणि कॅल्शियम ८.४. म्हणजे कॅल्शियम वाढलेलं नाहीच. मग त्याची ग्रंथी बिघडली आहे की नाही? आणि ९४० हा आकडा बघून छातीत धस्स झालं, कारण मर्यादा तीच ६५ छापलेली.

गोदाकाठ

मुळशीकर, तुमच्या भावाची गोष्ट वेगळ्या दारातून सुरू होते. किडनी थकली की फॉस्फरस साचतो आणि सक्रिय ड जीवनसत्त्व बनेनासं होतं. कॅल्शियम खाली ओढलं जातं. ग्रंथी त्याला योग्य तेच उत्तर देते, पीटीएच वाढवते. याला दुय्यम अतिस्राव म्हणतात. पण हे उत्तर वर्षानुवर्षं द्यावं लागलं की ग्रंथी सगळीच्या सगळी फुगते, पुढे तिच्यात गाठी धरतात, आणि त्या गाठींमधल्या पेशींवर कॅल्शियमचे आणि ड चेही रिसेप्टर कमी होतात. शिवाय फॉस्फेट स्वतःच कॅल्शियम रिसेप्टरला चिकटून त्याला मंद करतो हे गेल्या काही वर्षांत दाखवलं गेलं आहे. फॉस्फरस आटोक्यात ठेवा असं डायलिसिसवाल्यांना का बजावतात त्याचं हे एक जास्तीचं कारण.

शेवटी काही रुग्णांत अशी वेळ येते की कॅल्शियम वर गेलं तरी ग्रंथी थांबत नाही. किडनी प्रत्यारोपणानंतर कारण दूर झालं तरी पीटीएच आणि कॅल्शियम चढंच राहतं, ते यामुळे. तो तृतीयक अतिस्राव.

६५ ची मर्यादा मात्र तुमच्या भावाला लावायची नसते. डायलिसिसवर पीटीएच साधारण निरोगी कमाल मर्यादेच्या दोन ते नऊ पटींत ठेवावं असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे, म्हणजे इथे १३० ते ५८५. ९४० त्याच्या वर आहे, म्हणून उपचार बदलावे लागतील. पण एका आकड्यापेक्षा तो चढतो आहे की उतरतो आहे हे नेफ्रॉलॉजिस्ट जास्त बघतात. फार खाली आणणंही वाईट, हाडाची उलाढालच थंडावते.

मुळशीकर

आभारी आहे. डॉक्टर सिनाकॅल्सेट सुरू करायचं म्हणत आहेत. ती गोळी कॅल्शियमची आहे का? नावावरून तसं वाटलं आणि भावाने ‘कॅल्शियम आधीच चालू आहे’ म्हणून नकार दिला.

अपरांत

नाही. सिनाकॅल्सेटमध्ये कॅल्शियम अजिबात नाही. ते त्या रिसेप्टरवरच बसतं आणि त्याला जास्त तिखट करतं. तेवढंच कॅल्शियम असूनही ग्रंथीला ते जास्त वाटतं आणि ती पीटीएच आवरते. वरच्या भाषेत सांगायचं तर सरकलेली रेषा पुन्हा डावीकडे येते. अमेरिकेत २००४ पासून वापरात आहे. डायलिसिसच्या शेवटी शिरेतून द्यायचं याच वर्गातलं औषध, एटेलकॅल्सेटाइड, त्यानंतर आलं.

मात्र तुमच्या भावाचं कॅल्शियम आधीच ८.४ आहे. ही गोळी ते आणखी खाली नेऊ शकते, त्यामुळे सुरू करताना आणि मात्रा वाढवताना कॅल्शियम पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. तोंडाभोवती मुंग्या, हातापायांत वांब आले तर लगेच कळवायचं. मळमळही बऱ्याच जणांना होते, जेवणासोबत घेतल्यास सुसह्य असते.

सिएटलवासी

मी इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. तीन गोष्टी.

केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर पीटीएचच्या तपासणीआधी डॉक्टरांना सांगा. पीटीएच मोजायच्या काही पद्धतींत बायोटिन थेट लुडबुड करतं आणि आकडा खोटा कमी येतो. वाढलेलं पीटीएच त्यामुळे ‘नॉर्मल’ दिसू शकतं.

दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला तर एकूण कॅल्शियम थोडं जास्त मोजलं जातं. सीमेवरचा आकडा असेल तर पुन्हा तपासा.

आणि इथे नेहमीच्या रक्ततपासणीच्या संचात कॅल्शियम असतंच, त्यामुळे बहुतेक रुग्ण काही त्रास व्हायच्या आधीच सापडतात. भारतात हा आजार अजूनही हाडं आणि खडे घेऊन येतो. माझ्या चुलत आत्याला मांडीचं हाड साधं बसताना मोडल्यावर कळलं.

अपरांत

खरं आहे. त्यात ड ची कमतरता भर घालते, हाडांचा आजार आणखी बळावतो. औषधांच्या यादीत लिथियमही विचारा. मानसिक आजारासाठी वर्षानुवर्षं लिथियम घेणाऱ्यांत तेच सेट पॉइंट उजवीकडे सरकवतं. रक्तदाबाची थायझाइड गटातली गोळी लघवीतलं कॅल्शियम अडवून ठेवते, तिचाही विचार करावा लागतो. यातली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

चोवीस तासांच्या लघवीबद्दल ताईंनी लिहिलं त्याचं एक मोठं कारण सांगतो. काही कुटुंबांत कॅल्शियम रिसेप्टरचं जनुकच जन्मतः अर्धवट काम करतं. कॅल्शियम आयुष्यभर थोडं जास्त, पीटीएच मर्यादेत किंवा किंचित वर, त्रास सहसा काही नाही. रक्ताचा रिपोर्ट हुबेहूब अडेनोमासारखा. पण हाच रिसेप्टर किडनीतही असतो, त्यामुळे किडनीही कॅल्शियम जास्त आहे हे ओळखत नाही आणि लघवीत फार कमी सोडते. कॅल्शियम आणि क्रिएटिनिनच्या क्लिअरन्सचं, म्हणजे किडनी ते रक्तातून किती काढून टाकते त्याचं, गुणोत्तर ०.०१ च्या खाली आलं तर हा संशय घ्यायचा. ड ची कमतरता असली तरी लघवीतलं कॅल्शियम घटतं, म्हणून ड भरून मग मोजलेलं बरं. या लोकांचं ऑपरेशन करून उपयोग नसतो, कारण दोष एका ग्रंथीत नाहीच. तरुण रुग्ण आणि भावंडांचंही कॅल्शियम वाढलेलं, तर मान उघडण्याआधी हे बघायलाच हवं.

गोदाकाठ

अपरांत, इथे मला व्हिएन्नाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण प्राथमिक आणि दुय्यम यांतला गोंधळ एका माणसाने अंगावर सोसला आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याकोब एर्डहाइम या व्हिएन्नातल्या विकृतिशास्त्रज्ञाने हाडं विरघळलेल्या रुग्णांत पॅराथायरॉइड वाढलेल्या पाहिल्या. त्याने अर्थ लावला की हाडांचा आजार आधी, त्याला तोंड द्यायला ग्रंथी वाढल्या. मुडदूससारख्या आजारांत ते बरोबरच होतं. १९२५ मध्ये तिथल्याच फेलिक्स मांडल या शल्यविशारदाकडे आल्बर्ट याने (Jahne) नावाचा ट्रामवरचा नोकर आला, हाडं ठिसूळ, मांडी मोडलेली. एर्डहाइमच्या तर्काने मांडलने त्याला आधी पॅराथायरॉइडचा अर्क दिला आणि पॅराथायरॉइड ऊतीचं कलमही केलं. काही फरक नाही. मग त्याने उलटा विचार केला, मान उघडली आणि वाढलेली ग्रंथी काढून टाकली. लघवीतलं कॅल्शियम उतरलं, वेदना गेल्या, माणूस पुन्हा चालू लागला. काही वर्षांनी आजार परतला, पण कारण आणि परिणाम कुठले हे त्या एका ऑपरेशनने दाखवलं. पीटीएच रक्तात मोजता येऊ लागलं ते १९६३ मध्ये, बर्सन आणि यालो यांच्या पद्धतीने. त्याआधीच्या डॉक्टरांनी हे सगळं हाडं, लघवी आणि धीर यांच्या बळावर ओळखलं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

शस्त्रकर्म

मी एंडोक्राइन सर्जन. पारिजातक यांच्यासाठी थोडं.

खडे किंवा ठिसूळ हाडाचं फ्रॅक्चर असेल तर ऑपरेशनचा सल्ला दिला जातो. काही त्रास नसला तरी वय ५० च्या आत, कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा १ मिलिग्रॅमहून जास्त, डेक्साचा टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली, ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) ६० च्या खाली, यांतलं एक असलं तरी आम्ही ऑपरेशन सुचवतो.

सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन हे गाठ कुठे आहे ते सांगण्यासाठी. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून आजार नाही असं होत नाही, निदान रक्तावर होतं. कधी ग्रंथी छातीत उतरलेली असते. अमेरिकेतल्या कॅप्टन चार्ल्स मार्टेल या खलाशाची गाठ १९३२ मध्ये सातव्या ऑपरेशनला छातीत सापडली, तोवर त्याची उंची कित्येक इंचांनी घटली होती.

गाठ काढल्यावर टेबलावरच पीटीएच मोजतात. अर्धायुष्य काही मिनिटांचं असल्यामुळे दहा मिनिटांत ते निम्म्याहून खाली यायला हवं. नाही आलं तर दुसरी ग्रंथीही दोषी आहे असं समजून शोध चालू ठेवतो.

आणि ऑपरेशननंतरचे दिवस. बाकीच्या निरोगी ग्रंथी इतका काळ जास्त कॅल्शियम पाहून सुस्तावलेल्या असतात. त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. शिवाय उपाशी हाडं कॅल्शियम झपाट्याने ओढून घेतात, ड कमी असेल तर जास्तच. मुंग्या येणं, वांब येणं याची आधीच कल्पना असावी. गोळ्या आम्ही देतोच.

पारिजातक

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्यातल्या एका संप्रेरकतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे, वरच्या तपासण्या एकाच रक्तातून करायला सांगितल्या आहेत. एकच शंका. तोवर आईने दूध, दही, नाचणी बंद करायची का? तिने स्वतःहून दूध सोडलं आहे, चहासुद्धा कोरा घेते.

गोदाकाठ

नको. दूध पुन्हा सुरू करा. तिची ग्रंथी चुकीच्या पातळीवर का होईना, पण कॅल्शियम ऐकते आहे. आहारातलं कॅल्शियम तोडलं तर ती तेवढ्याच जोमाने पीटीएच वाढवेल आणि कमी पडलेलं कॅल्शियम हाडांतून काढेल. मनगट आधीच मोडलं आहे. नेहमीचा आहार, भरपूर पाणी, आणि उलट्या-जुलाब झाले तर घरी न थांबता दवाखाना, कारण शरीरातलं पाणी घटलं की कॅल्शियम झपाट्याने चढतं. कॅल्शियमच्या वेगळ्या गोळ्या मात्र संप्रेरकतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोत. नाचणीची भाकरी खुशाल खाऊ द्या.